वेलीचा हात

खासबाग, बेळगाव
१३ जुलै २०२५

अक्काताईस,

हे पत्र तेजस्वी वाचून दाखवणार, म्हणून आधी तिलाच सांगते. तेजस्वी, तुझ्या आत्याबाईंना डाव्या कानानं कमी ऐकू येतं. उजवीकडं बसून वाच आणि मध्येच थांबून अर्थ सांगत बसू नकोस. तिला सगळं कळतं.

फोन दोनदा केला. तुमच्या गावात रेंज नसते हे मला ठाऊक आहे. रेंज असूनही तू उचलला नसशील, हेही समजून आहे. यांच्या कपाटात आंतरदेशीय पत्रांचा गठ्ठा सापडला. जन्मभर पोस्टात नोकरी केलेल्या माणसाच्या घरात दुसरं काही नसलं तरी पत्रं असतातच. म्हणून लिहायला बसले.

काम एवढंच आहे. श्रेयांस दिवाळीला बेंगळूरहून येणार आणि घरामागच्या सगळ्या परड्याला फरशी बसवून घेणार. गेल्या पावसात मोरीपाशी साप निघाला होता. आई एकटी असते, असं त्याचं म्हणणं. चुकीचं म्हणत नाही तो. मी म्हटलं, एक जागा सोड, तुझ्या वडिलांची रानद्राक्षाची वेल आहे तिथं. तो म्हणाला, “कुठं आहे दाखव, तेवढी सोडतो.” मला दाखवता आली नाही.

तुला आठवत असेल. यांच्या शेवटच्या वर्षी, तू आमच्याकडं कामाला असताना, तुझ्या रानातला कंद तू आणलास, आणि यांनी पलंगावरून सांगत सांगत तुझ्याकडून तो भिंतीच्या कडेला लावून घेतला. भिंत पंचवीस फूट आहे. नेमका कुठं लावला, ते तुम्हा दोघांनाच माहीत. त्यातले एक विचारायच्या पलीकडं गेले.

यंदा मी चातुर्मासाचा नियम घेतलाय. दिवाळीच्या पहाटेपर्यंत हिरवं तोडायचं नाही. पान नाही, फूल नाही, गवताची काडी नाही. त्यामुळं मृगापासून वाढलेलं सगळं तसंच राहिलंय आणि भिंतीवर हिरवा डोंगर झालाय. तीन-चार जातींच्या वेली एकमेकींच्या खांद्यावर चढल्या आहेत.

मला वाटतं, त्यांतली आपली मला सापडली. तीन बोटांचं पान आहे, अंगावर मऊ लव आहे, आणि शेंड्याला स्प्रिंगसारखे तणावे. अगदी द्राक्षासारखी. तिला मी सुतळी बांधून वर चढवली आहे. हीच का ती, एवढं एका ओळीत कळव.

मागचं मागं. त्याबद्दल काही लिहीत नाही.

त्रिशला

खासबाग
३ ऑगस्ट

अक्काताईस,

तुझं उत्तर नाही. माझी फजिती मात्र सांगण्यासारखी आहे.

जिला मी तीन आठवडे सुतळीनं चढवत होते, ती रानद्राक्ष नव्हेच. शेजारच्या लक्ष्मीबाईंना मी हात धरून आणलं होतं, ही बघा आमच्या यांची वेल म्हणून. त्यांनी नाक मुरडलं. म्हणाल्या, “वैनी, वास येतोय ओ तिला. द्राक्षाला असला वास कधी येतो काय?” मी म्हटलं, रानातली आहे, येत असेल.

मग फुलं आली. पांढऱ्या पाकळ्या आणि मध्ये जांभळ्या दोऱ्यांचं कडं, कृष्णकमळाची धाकटी बहीण शोभावी अशी. वाचनालयातून झाडांचं पुस्तक आणलं. त्यात तिचं चित्र सापडलं. वेलघाणी. साता समुद्रापलीकडून आलेली आणि इथं माजलेली. तिच्यापायी दुसऱ्या वेली मरतात असं लिहिलंय. चौथी शिकलेली मी, यांनी आणून दिलेली पुस्तकं वाचत वाचत इथवर आले. तरी एक चित्र बघायला तीन आठवडे लागले, कारण मला बघायचंच नव्हतं.

पण तिचं फळ बघण्यासारखं आहे. फळाभोवती हिरव्या धाग्यांची जाळीची टोपली असते, प्रत्येक फळाला आपली वेगळी. धाग्यांना चिकट थेंब. मुंगी फळापर्यंत जायला निघाली की पाय अडकून तिथंच राहते. लेकराची एवढी काळजी घेणाऱ्या बाईला माजोरी तरी कसं म्हणायचं? लक्ष्मीबाई म्हणाल्या, “तण काढणाऱ्या मालुबाईला बोलावते. तासाभरात मोकळं करंल.” मी नको म्हटलं. आम्हा जैनांच्या नियमाला तीन दारं असतात. करायचं नाही, दुसऱ्याकडून करवायचं नाही, आणि कुणी आपणहून केलं तर बरं झालं असंही मनात आणायचं नाही. त्यावर त्यांनी विचारलं, “मग परड्यात चालताना पायाखाली मरतंय त्याचं काय?” आता मी फरशीच्या तुकड्यांवरून पाय टाकत जाते आणि त्या खिडकीतून बघून हसतात.

तू म्हणशील, पहिल्या वर्षी ती वेल भिंतभर चढली होती, तेव्हा ही काय करत होती? खरं सांगते, मी तिच्याकडं एकदाही नीट पाहिलं नाही. हे खिडकीतून तिच्याकडं बघायचे आणि मी यांच्याकडं बघायचे. नाडी, लघवी, सूज. माझं जग तेवढंच झालं होतं. तुम्ही दोघं वेलीवर बोलत बसायचात त्याचा मला रागही यायचा. जाणाऱ्या माणसाला ही बाई पानं कसली दाखवते, असं वाटायचं.

एकदा तू म्हणत होतीस ते कानावर पडलं होतं. “अण्णा, पान बघू नगा. पानं फसवत्यात. येलीचा हात बघा.” पुढं काय म्हणालीस ते ऐकलं नाही, गोळीची वेळ झाली होती. हात बघायचा म्हणजे काय बघायचं, अक्काताई?

त्रिशला

खासबाग
२४ ऑगस्ट

अक्काताईस,

हात सापडला.

तू सांगेनास, म्हणून मी रोज सकाळी धुण्याच्या दगडावर बसून बघायला लागले. तोडता येत नाही, त्यामुळं बघण्याशिवाय दुसरा उद्योगच नाही. पूर्वी मी पान दिसलं की खुडून हातात घ्यायचे. खुडलं की पान तेवढं कळतं, ते कुठून निघालं होतं हे कळत नाही. नियम नसता तर मला यातलं काहीच समजलं नसतं.

तू ज्याला हात म्हणतेस, तो हा तणावा. वेलघाणीचा हात पानाच्या काखेतून निघतो. देठ आणि वेल यांच्या बेचक्यातून, काखेत पिशवी धरावी तसा. लक्ष्मीबाईंच्या कुंपणावरून एक गुलाबी फुलांची आलीय, तीही बाहेरचीच. तिला पानापाशी हातच नाही. फुलांच्या तुऱ्याच्या टोकाला बारीक आकडे आहेत, फुलतानाच धरून ठेवते. मग आंबटवेल. तिचा हात वेगळाच निघाला, पण पान तीन तुकड्यांचं. पुस्तकात तिला द्राक्षाच्याच गोतावळ्यात घातलंय. म्हटलं, चुलत बहीण आली म्हणजे थोरली इथंच कुठंतरी असणार.

परवा उकिडवी बसून ढिगाच्या खालून बघितलं. मोरीपासून सात पावलांवर दोन हात लांबीची एक वेल. पान माझ्या तळव्याएवढं गोल, बुडाशी खाच, कडेला पाच कोपरे. कोवळ्या पानाच्या पाठीवर कोळ्याच्या जाळ्यासारखी तांबूस लव. आणि हात काखेतून नाहीच. पान वेलीच्या या अंगाला, तर हात बरोबर त्याच्या पाठीमागून, त्या अंगाला. मी तीन पेरं मोजली. सगळीकडं तसंच.

पुढचं बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एका हाताला तांबड्या कळ्यांचा तुरा लागलाय. ज्या हातानं काठीला धरलंय, त्याच हाताला. आमच्या निपाणीकडं मळ्यातली द्राक्षं मी लहानपणापासून बघत आले, पण घड कुठून फुटतो हे बघायचं कधी सुचलं नव्हतं. तुला हे न वाचता ठाऊक होतं. पलंगावरच्या माणसाला तू हे शिकवत होतीस आणि मी आत दूध तापवत होते.

आता अडचण सांगते. वेलघाणीनं तिचा गळा धरलाय. उन्हाचा कवडसा तेवढा पोचतो. मी रोज वेलघाणीचे हात एकेक करून उलगडते, मोडू न देता, आणि तिला बाजूच्या काठीवर नेऊन ठेवते. एका हाताला पाव तास लागतो. दुसऱ्या दिवशी ती परत आलेली असते. कुणाला बोलावून काढायला सांगता येत नाही. म्हणून मी तुला ये म्हणत नाही, अक्काताई. म्हणूही शकत नाही. फक्त कसं आहे ते लिहिते.

अजून एक. ती वेल दरवर्षी उगवत असणार. हे गेल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात भिंतीकडं बघवेना, म्हणून मालुबाईला लावून मी परडं मुळापासून साफ करून घेतलं. दुसऱ्या वर्षीही. म्हणजे तिला उपटत होते ती मीच. कंद खोल होता म्हणून वाचला.

याचा अर्थ काय होतो, ते तुला कळलं असेल. मला लिहायला थोडा वेळ दे.

त्रिशला

खासबाग
८ सप्टेंबर

अक्काताईस,

आज आमची क्षमावाणी. तू चौदा वर्षं या घरात होतीस, तुला माहीत आहे. सकाळपासून फोन चालू आहेत. मीही लावले. नागपूरच्या चुलतसासूबाईंना, श्रेयांसच्या सासूबाईंना, बस्तीत दर्शनाला येणाऱ्या सगळ्यांना. वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा. ज्यांच्याशी माझं कधी वाकडं नव्हतं, त्यांची मी दरवर्षी क्षमा मागते. दोन क्षमावाण्या तशाच गेल्या. ही तिसरी.

तेजस्वी, हे हळू वाच. मी तुझ्या आत्याबाईंना जे बोलले ते चारचौघींसमोर बोलले होते. हेही कुणाच्या तरी समोरच वाचलं जावं.

हे गेले कार्तिकात. पौषात मी निपाणीला भावाकडं गेले, महिनाभर राहिले. घराची किल्ली तुझ्याकडं. परत आले तो माघ. खिडकी उघडली तर भिंत उघडी. यांच्या डोळ्यांसमोर असायची ती वेल नाही, पानाचा मागमूस नाही. आणि तू कोपऱ्यात वाळका पाला पेटवत होतीस. लक्ष्मीबाई बसल्या होत्या, बस्तीतल्या दोघी मला भेटायला आल्या होत्या. मी म्हटलं, तू उपटलीस. माणूस गेला, आता त्याच्या वेलीला विचारतंय कोण, असं वाटलं तुला.

तू झाडू खाली ठेवलास. म्हणालीस, “वैनी, ती मेली न्हाय. झोपलीया.”

मी तुला म्हटलं, “मेलेल्याला झोपलाय म्हणू नकोस माझ्यापुढं.” अजून बरंच म्हटलं. जातीवरून नाही बोलले, पण रानटी हा शब्द आला. तो तुझ्या कानात राहिला असेल. माझ्या राहिलाय.

तुझा चहा पायरीवर होता, तो तसाच गार झाला. वडगावची खोली सोडून तू गावाला निघून गेलीस, हे मला महिन्यानं कळलं.

पुस्तकात आता वाचलं. ही वेल पावसानंतर जमिनीवरची सगळी वाळते आणि कंदात जाऊन राहते. तू जे पाच शब्दांत सांगितलंस, ते छापलेलं बघायला मला अडीच वर्षं लागली. पण छापलं नसतं तरी तुझं खरं होतं. तू कधी खोटं बोलली नव्हतीस.

मी चुकले. क्षमा कर, असं लिहिते. करशीलच असं नाही.

त्रिशला

खासबाग
५ ऑक्टोबर

अक्काताईस,

तुझं कार्ड आलं. तेजस्वीचं अक्षर मोत्यासारखं आहे, पण बोल तुझे. ते इथं परत उतरवते, मला बरं वाटतं म्हणून.

“पाच कोनाची, हात पाठीकडचा, तीच ती. आता पानं पिवळी पडत्याली. कडंनं दगड मांडून ठेवा. फरशीवाल्याला पान दिसणार न्हाय, दगड दिसंल.”

एवढंच. माझ्या आधीच्या पत्राबद्दल अक्षर नाही. बरोबर आहे. क्षमा मागायचा दिवस आमच्या पंचांगात ठरलेला असतो. द्यायचा दिवस ठरलेला नसतो.

दगड मांडले. न्हाणीमागचे चार काळे दगड होते, तेच. आणि तू म्हणालीस तसंच झालं, कडेची दोन पानं आजच पिवळी आहेत. पन्नास किलोमीटरवर बसून तुला माझ्या परड्यातलं पान दिसतं. मी दगडावर बसून बघते, तरी तू सांगितल्यावरच दिसतं.

घडाला अकरा मणी धरलेत. काळे होत आले आहेत. तोडणार नाही. बुलबुल एक मणी घेऊन गेला, त्याला कुणी नियम दिलेला नाही.

त्रिशला

खासबाग
२ नोव्हेंबर

अक्काताईस,

तू गेलीस त्याला आठ दिवस झाले. समोर असताना मला काही बोलता येईना, म्हणून परत पत्रच.

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. फरशीवाला मष्णू माणसं घेऊन आला होता आणि श्रेयांस दोरी धरून माप सांगत होता. फाटकाची कडी वाजली. हातात विळा, डोक्यावर पदर, आणि नजर माझ्याकडं नाही, सरळ भिंतीकडं. श्रेयांस “मावशी” म्हणून पुढं आला, तर त्याला म्हणालीस, “बाजूला हो रं. चपलेखाली दगड आलाय तुझ्या.”

नंतर तू अर्ध्या तासात वेलघाणी काढलीस. मी दोन महिने उलगडत बसले होते ते तुला दिसलं असणार, कारण काठीवर नेऊन ठेवलेली तिची फांदी हातात धरून तू हसलीस. म्हणालीस, “वैनी, हिला काय झोपाळ्यावर बसवलंय व्हय?” अडीच वर्षांत तू मला बोललेला पहिला शब्द तो. मला हसू आलं आणि मग थांबेना. श्रेयांसला वाटलं, आईला काही झालं.

मष्णू म्हणत होता, मधेच चौकोन सोडला तर फरशी उठेल, पाणी मुरेल. तू त्याला एवढंच विचारलंस, “तुझ्या घरात म्हातारं माणूस झोपलं तर त्याच्या अंगावर फरशी घालतोस काय?” त्यानं चार फूट जागा सोडली आणि भोवती विटांचं कडंही करून दिलं. सापाचं काय, असं श्रेयांसनं विचारलं. तू म्हणालीस, साप वेलीला येत न्हाय, मोरीतल्या उंदराला येतोय, मोरीला जाळी बसव. तो लगेच जाऊन जाळी घेऊन आला. इंजिनिअर आहे तो, अक्काताई. त्याला आजवर कुणी एवढ्या थोडक्यात काही समजावलेलं मी पाहिलं नव्हतं.

चहा मी दोन कप केला आणि पायरीवर नेला नाही. धुण्याच्या दगडावर आपण दोघी बसलो. दगड तसा एकीपुरताच आहे. तू कप संपवलास. रिकामा कप मी बराच वेळ हातात धरून बसले होते, तुझ्या लक्षात आलं का माहीत नाही.

राहा म्हटलं, राहिली नाहीस. खानापूरची शेवटची गाडी म्हणालीस. फाटकापाशी मी धीर करून विचारलं, परत येशील का? तू वेलीकडं बघितलंस. “आखाडात येते की. उठली का बघाय.”

क्षमेचं काही बोलली नाहीस. मीही विचारलं नाही.

त्रिशला

खासबाग
८ फेब्रुवारी २०२६

अक्काताईस,

पौषात शेवटचं पान गळलं. मग देठ वाळून भुसभुशीत झाला. परवा वाऱ्यानं तोही पडला. मी उचलला, यांच्या वहीत ठेवला. आता विटांच्या कड्यात नुसती माती आहे. सगळीकडं फरशी आणि मध्ये एक मातीचा तुकडा. येणारा-जाणारा विचारतो, इथं काय लावायचं राहिलं?

सकाळी खिडकीपाशी बसते, यांच्या खुर्चीत. हे काय बघत होते, ते आता थोडं थोडं कळतं. पानं गळायला लागली तेव्हा हेही गेले. पुढं काय होणार ते तू त्यांना सांगून ठेवलं असशील. म्हणून ते शेवटी शेवटी तिच्याकडं बघून इतके निवांत असायचे. मी समजत होते, त्यांना शुद्ध नाही.

एक जण उठणार नाही, हे मला कळतं. तेवढी खुळी नाही मी. तरी आता त्या मातीकडं बघवतं.

काल लक्ष्मीबाई आल्या. कड्यात वाकून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. बाई मनानं चांगली आहे, हळूच म्हणाल्या, “वैनी, एवढं केलंसा आणि मेली की ओ ती.”

मी तांदूळ निवडत होते. मान वर न करता म्हटलं, “ती मेली न्हाय. झोपलीया.”

तुझेच शब्द, जसेच्या तसे. त्याच परड्यात, त्याच बाईसमोर.

झोपेत तिला पाणी द्यायचं की नाही, तेवढं तेजस्वीकडून कळव. तोवर मी हात लावत नाही.

तुझी
त्रिशला